छातीतलं शॉक मशीन : तार नसेबाहेर ठेवली तर किती वर्षं साथ देतं?

दाभोसा : दाभोशाहून जव्हारचं कुटीर रुग्णालय वीसेक किलोमीटर. रस्ता वळणावळणाचा, पावसाळ्यात तर विचारायलाच नको. हृदयाचे ठोके अचानक बिघडून रक्त पोचणं थांबलं, तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. तेवढ्यात १०८ गाडी पाड्यावर पोचणं कठीण. म्हणून असा धोका जास्त असलेल्या पेशंटच्या अंगातच डॉक्टर एक मशीन बसवतात. त्याला आयसीडी म्हणतात. ठोके जीवघेणे बिघडले की ते आतूनच शॉक देतं. माणसात पहिलं आयसीडी १९८० मध्ये अमेरिकेत बसवलं गेलं.

तार नसेबाहेर कशासाठी?

नेहमीच्या आयसीडीची तार खांद्याजवळच्या नसेतून थेट हृदयात जाते. हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं, तेवढ्या वेळा तार हलते. वर्षं गेली की काहींची तार तुटते, काहींना जंतुसंसर्ग होतो. जुनी तार नसेला चिकटून बसते, ती काढणं जोखमीचं. तरुण पेशंटला तर हे मशीन तीस-चाळीस वर्षं वागवायचं असतं.

म्हणून नसेबाहेरचे दोन प्रकार निघाले. दोन्हींत मशीन डाव्या काखेखाली बरगड्यांवर बसतं. पहिल्या प्रकारात तार छातीवर कातडीखाली असते. दुसऱ्यात ती छातीच्या मधल्या हाडाच्या मागे सरकवतात. तार हृदयाच्या जवळ आल्यामुळे कमी ताकदीचा शॉक पुरतो, म्हणून मशीनही लहान असतं. पहिल्याची बॅटरी साधारण ७ वर्षं, दुसऱ्याची ११ वर्षांच्या पुढे चालेल असा अंदाज आहे. बॅटरी संपली की मशीन बदलावं लागतं.

अनुभव काय सांगतो?

कातडीखालच्या प्रकाराची नेहमीच्या आयसीडीशी तुलना ८४९ पेशंटमध्ये झाली. त्याचे निकाल २०२० मध्ये आले. सुमारे चार वर्षांत मशीनमुळे होणारा त्रास नेहमीच्या प्रकारात १०० पैकी जवळपास १० जणांना झाला, कातडीखालच्या प्रकारात ६ जणांना. तारेच्या तक्रारी तर बऱ्याच कमी. पण गरज नसताना शॉक बसण्याचं प्रमाण नव्यात जास्त होतं : १०० पैकी सुमारे १०, नेहमीच्यात ७.

हाडामागच्या प्रकाराचे निकाल २०२२ मध्ये आले. बसवताना ३०२ जणांमध्ये चाचणी पूर्ण झाली, त्यात २९८ जणांचे बिघडलेले ठोके मशीनने जाग्यावर आणले. सहा महिन्यांत १०० पैकी सुमारे ९३ जणांना मोठा त्रास झाला नाही. मात्र साधारण वर्षभरात १०० पैकी जवळपास १० जणांना विनाकारण शॉक बसला. अमेरिकेत या मशीनला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, म्हणजे हा प्रकार अजून नवाच.

थोडक्यात, शॉक देण्याचं काम दोन्ही नीट करतात, नसेतल्या तारेची कटकट टळते. पण ज्याचे ठोके कायम मंद पडतात आणि ज्याला पेसमेकर लागतो, त्याच्यासाठी हे पुरत नाही.

मशीन असलेल्यांनी काय पाळायचं?

- तपासणीची तारीख चुकवू नका. सेटिंग बदलून विनाकारण बसणारे शॉक बरेच कमी करता येतात. वीटभट्टीवर किंवा भिवंडी-वसईला कामाला जाताना मशीनचं कार्ड खिशात ठेवा.
- एक शॉक बसला आणि बरं वाटतंय, तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा. लागोपाठ शॉक बसले किंवा चक्कर आली, तर १०८ ला फोन करा.
- शॉक बसताना कोणी अंगाला हात लावलेला असला तर त्याला फार तर झिणझिण्या येतात, अपाय होत नाही.
- मोबाईल मशीनपासून निदान वीतभर लांब ठेवा. वेल्डिंगचं काम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.
- जखम लाल झाली, पाणी आलं किंवा ताप आला, तर घरगुती लेप लावत बसू नका.
- माणूस गेल्यावर दहन करायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगून मशीन काढून घ्या. आगीत बॅटरी फुटते.

खर्च मोठा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्या पेशंटचं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.