चाळिशी आणि दूरदृष्टिता : नोंद कोणती करावी?

हात लांब करून सात-बारा वाचणाऱ्या माणसास ‘चाळिशी लागली’ असे सहज म्हटले जाते. त्याच गावातील पहिलीच्या मुलीसही बहिर्गोल भिंगाचा चष्मा लागू शकतो. भिंगाची जात एक असली तरी दोष एक नव्हे. रुग्णालयाच्या नोंदवहीत दोघांपुढे एकच संकेतांक पडला, तर तोटा मुलीचा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली. तीत दूरदृष्टितेस एच ५२.० आणि चाळिशीस, म्हणजेच वृद्धदृष्टितेस, एच ५२.४ हा संकेतांक आहे. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत तेच अनुक्रमे ९डी००.१ व ९डी००.३ झाले. आपल्या कार्यालयात कोणती आवृत्ती वापरात आहे, हे नोंद करणाऱ्याने आधी पाहावे. एच ५२.०३ हा दोन्ही डोळ्यांसाठीचा संकेतांक अमेरिकी वर्गीकरणातील होय. मूळ दहाव्या आवृत्तीत डावा-उजवा असा भेद नाही.

चाळिशीत वयोमानाने नेत्रभिंगाची लवचिकता घटते. दूरदृष्टितेत बहुधा नेत्रगोलच आखूड असतो व दोष बालपणापासूनचा असतो. परंतु लहान मुलाचे लवचीक नेत्रभिंग ताण घेऊन तो झाकते. असे मूल सहा मीटरवरील तक्ता बिनचूक वाचते आणि शाळेतील तपासणीत ‘नजर उत्तम’ ठरते. वाचताना डोके दुखणे, पुस्तक टाळणे, एक डोळा नाकाकडे वळणे ही लक्षणे शिक्षकांच्या नजरेस आधी येतात; आळस समजून ती सोडून देऊ नयेत. डोळ्यांत औषध घालून केलेल्या तपासणीतच खरा दोष कळतो. मोठा दोष उपचाराविना राहिल्यास तिरळेपणा (एच ५०.०) व मंददृष्टी (एच ५३.०) येऊ शकते, आणि सात-आठ वर्षांनंतर मंददृष्टी भरून काढणे कठीण होत जाते.

चाळिशी उलटलेल्या दूरदृष्टीच्या रुग्णास दोन्ही संकेतांक लागतात. पूर्वी मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग न बसविलेल्या वृद्धाचा जाड चष्मा मात्र एच २७.० खाली, भिंगहीनता म्हणून, नोंदवावा.

किनवट वा मुखेडहून विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे मूल पाठविताना चिठ्ठीवर निदान, संकेतांक आणि प्रत्येक डोळ्याची दृष्टी लिहावी. ‘चष्मा दिला’ हा शेरा निदान नव्हे. चष्म्याचा नंबरही नव्हे. त्यासाठी वेगळा रकाना असतो.