समाजकार्य : सेवाभाव आणि शिक्षण

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने अथवा मुलीने ‘मला समाजसेवा करावयाची आहे’ असे घरी सांगितले, की वडीलधारी मंडळी बहुधा विचारतात, ‘ते ठीक, पण पोटापाण्याचे काय?’ या प्रश्नामागे एक जुनी समजूत आहे. सेवा ही फावल्या वेळची, निवृत्तीनंतरची किंवा घरादारावर तुळशीपत्र ठेवणाऱ्याची गोष्ट होय, असे आपण धरून चालतो. ती शिकावी लागते, आणि शिकून केलेल्या कामाचे वेतन घेण्यात काही गैर नाही, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मराठी मनाला तर ही समजूत विशेष जवळची आहे. धोंडो केशव कर्व्यांचा १८९६ चा अनाथ बालिकाश्रम, गोखल्यांचा १९०५ चा भारत सेवक समाज, ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत काढलेली सोशल सर्व्हिस लीग, ही नावे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ही माणसे इतकी मोठी होती, की सेवा हे असामान्यांचे व्रत आहे असे ठरवून सामान्यांनी आपली सुटका करून घेतली!

वास्तविक या कामाला शिक्षणाची जोड हवी, हा विचार आपल्या देशातही नवा राहिलेला नाही. मुंबईच्या नागपाडा भागात क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी वस्तीकेंद्र चालवीत असत. तेथेच १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. १९४४ मध्ये तिला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले. अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी १९१७ सालीच आपल्या ग्रंथातून असा आग्रह धरला होता, की वैद्य जसे रोगाचे निदान करतो तसे माणसाच्या अडचणीचेही पद्धतशीर निदान झाले पाहिजे. निदानावाचून दिलेले औषध जसे अपाय करू शकते, तशीच निदानावाचून केलेली मदतही.

हे कसे, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, इटारसीसारख्या गजबजलेल्या जंक्शनावर दहाअकरा वर्षांचा एक मुलगा एकटाच फिरताना आढळला. तो मराठी बोलतो आहे. एखादा कनवाळू प्रवासी काय करील? त्याला पोटभर खाऊ घालील, गावाचे नाव विचारील, तिकीट काढून देईल आणि उलट दिशेच्या गाडीत बसवील. हेतू निर्मळच, परंतु मुलगा घर का सोडून आला, हे त्याने विचारलेले नाही. ज्या माराला भिऊन तो पळाला, त्याच्याच दारात आपण त्याला पोचवीत नाही ना?

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने येथे निराळा मार्ग आखून दिला आहे. अशा मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. सामाजिक चौकशी १५ दिवसांत पुरी व्हावी आणि समितीने चार महिन्यांत अंतिम निर्णय द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. मुलाचे घर दुसऱ्या जिल्ह्यात निघाले, तर त्याला तेथील समितीकडे पाठविता येते. अडचणीतल्या मुलांसाठी असलेला १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही आज देशभर परिचित आहे. त्याचा उगम १९९६ साली मुंबईत टाटा संस्थेच्याच एका प्रकल्पातून झाला.

परंतु कायदा मुदत ठरवितो. मुलाचे तोंड उघडणे त्याच्या हातात नाही. ते काम समाजकार्यकर्त्याचे. पहिल्या दिवशी मुलगा खोटे नाव सांगतो, दुसऱ्या दिवशी गाव बदलतो. नवखा माणूस चिडतो. शिकलेला कार्यकर्ता त्याच्याशेजारी बसून राहतो, जेवणाचे, खेळाचे, धाकट्या बहिणीचे बोलतो, आणि त्याच्या भाषेत बोलणारे कोणी मिळते का ते पाहतो. मग चौकशी घरापर्यंत जाते. आई मजुरीला जाते का, घरात दारू आहे का, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, मुलाला कोणाजवळ राहावेसे वाटते, हे सारे विचारावे लागते. आणि हे विचारताना त्या आईला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या आहोत असे वाटू द्यावयाचे नाही!

यानंतर अहवाल लिहावयाचा. येथे एका वाक्याने किती फरक पडतो पाहा. ‘मुलगा खोटारडा आहे’ असे एकाने लिहिले. दुसऱ्याने लिहिले, ‘मुलाने पहिल्या दिवशी दुसऱ्या गावाचे नाव सांगितले, आपल्याला घरी पाठवितील अशी भीती वाटत होती, असे त्याने नंतर सांगितले.’ पहिले वाक्य हा लेखकाचा निवाडा आहे, दुसरे वाक्य ही नोंद आहे. समितीचे सदस्य त्या घरी गेलेले नसतात. त्यांच्यापुढे मुलाखेरीज असतो तो हा कागद. मुलाने घरी जावयाचे, मामाकडे राहावयाचे की बालगृहात, याचा निर्णय बऱ्याच अंशी त्यावर ठरतो.

म्हणूनच या शिक्षणात वर्गातील व्याख्यानांइतकेच क्षेत्रकार्याला महत्त्व असते. विद्यार्थी आठवड्यातून साधारणपणे दोन दिवस वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात जातो. आपण काय बोललो, समोरचा काय म्हणाला, आपण मध्येच का तोडले, हे तो परतल्यावर लिहून काढतो आणि मार्गदर्शक शिक्षक ते वाचून त्याच्याशी चर्चा करतात. व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन ही नावे पुस्तकात सापडतात. उपदेश आवरण्याची सवय मात्र या वहीतूनच लागते. दुसरी गोष्ट गुप्ततेची. मदत देतानाचे छायाचित्र काढून चारचौघांत मिरविण्याची हौस हल्ली फार वाढली आहे. अशा चौकशीतील मुलाची ओळख प्रकट करण्यास तर कायद्यानेच मनाई आहे. पण कायदा नसता तरी ते अशोभनीयच ठरले असते.

मुलांचे क्षेत्र हे या व्यवसायाचे एक दालन झाले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन घातले, आणि १९५८ च्या कायद्याने अपराध्याला तुरुंगाऐवजी परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवण्याची सोय केली. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजकार्यकर्ते बसतात. त्यांपैकी एक तरी स्त्री असावीच लागते.

घरच्या मंडळींच्या प्रश्नाकडे मात्र डोळेझाक करता येणार नाही. यांतील कित्येक जागा कंत्राटी असतात, वेतन कामाच्या मानाने तुटपुंजे असते, आणि एकेका कार्यकर्त्याच्या अंगावर झेपणार नाहीत इतकी प्रकरणे पडतात. सेवाभावाच्या नावाखाली कमी पगाराचे समर्थन करणे ही संस्थाचालकांना सोयीची गोष्ट आहे; पण पंधरा दिवसांची चौकशी दोन दिवसांत उरकली गेली, तर तिची किंमत त्या मुलाला मोजावी लागते. विद्यार्थ्याने हे जाणूनच या वाटेला यावे.

आपला कल अजमावण्याची संधी महाविद्यालयातच मिळते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली; तिच्यात दोन वर्षांत २४० तासांचे काम अपेक्षित असते. या तासांत रस्ता झाडणे, झाडे लावणे होतेच. त्यांतले काही तास वस्तीतील एखाद्या म्हाताऱ्याजवळ बसण्यात घालवावे आणि तो जे बोलला ते आपली मते न मिसळता लिहून पाहावे. अर्ध्या पानानंतर आपली मते डोकावू लागली, तर ते खोडून पुन्हा लिहावे. पुढे समाजकार्याच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला सामान्यतः प्रवेशाची मुभा असते, आणि तेथे पहिल्याच वर्षी हाती येते ती अशीच एक वही.