बिघाड नेमका कुठे? ट्रिम टॅबच्या निमित्ताने अनुमानाविषयी

मंडळी, वडप्याच्या नाक्यावर बसून स्पीडबोटीविषयी बोलायचं, हे जरा विचित्र वाटेल. इथे गोदामं आहेत, ट्रक आहेत, समुद्र काही दिसत नाही. पण आजचा आपला खरा विषय आहे कार्यावरून कारणाकडे कसं जायचं, आणि त्याला ट्रिम टॅबइतकं सोयीचं उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही. का, ते पुढे कळेलच.

आधी वस्तू ओळखून घेऊ. वेगवान बोटीच्या पिछाडीला, पाण्याच्या पातळीजवळ, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन धातूच्या पट्ट्या बिजागरीवर बसवलेल्या असतात. पट्टी खाली झुकवली की धावतं पाणी तिच्यावर आपटतं आणि पिछाडीची ती बाजू उचलली जाते. पिछाडी उचलली गेली की नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली येतं. दोन्ही पट्ट्या खाली केल्या तर नाळ सरळ खाली बसते, आणि एकच केली तर बोटीचा एका बाजूचा कल निघतो. हे सगळं वेगात. बोट सावकाश चालली असेल तर या पट्ट्यांचा उपयोग जवळजवळ शून्य.

या विषयावरची माहितीपुस्तकं बहुतेक थंड देशांतली. तिथे पाणी गोठतं, म्हणून हिवाळ्यात बोटी बाहेर काढतात. आपल्याकडे तो काळ पावसाळ्याचा. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, गेटवे-मांडवा बोटी थांबतात, मालवण-तारकर्लीच्या जलक्रीडेच्या बोटीही शाकारल्या जातात. म्हणजे पुस्तकातला ‘हिवाळा’ आपण ‘पावसाळा’ असा वाचायचा. फरक फक्त महिन्यांचा नाही. त्यांचा शत्रू बर्फ, आपला शत्रू खारट दमट हवा. बंद पेटीतल्या वायरच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, तो आपला खास.

आता प्रश्न असा, की बटण दाबलं आणि पट्टी हलली नाही. बाजूचा माणूस लगेच म्हणतो, ‘मोटार गेली.’ न्यायशास्त्राच्या भाषेत हा हेतू अनैकांतिक आहे, म्हणजे तो एकाच निष्कर्षाकडे नेत नाही. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती टिकते. जिथे अग्नी तिथे धूर, ही टिकत नाही, कारण मध्ये ओल्या सरपणाची अट असते. नैयायिक तिला उपाधी म्हणतात. मोटार गेली तर पट्टी हलत नाही, हे बरोबर. पण पट्टी हलत नाही म्हणून मोटार गेली, हे चूक. फ्यूज उडाला असेल, बिजागरीत समुद्री जीव कवच करून बसले असतील, तेल संपलं असेल. नवी मोटार काही हजारांची असते आणि हे चुकीचं अनुमान तिच्या किमतीला पडतं.

म्हणून पहिला प्रश्न मोटारीला नव्हे, कानाला विचारायचा. बटण दाबल्यावर आवाज येतो का? तेलावर चालणाऱ्या पद्धतीत आत एक पंप असतो. तो घरघरला तर वीज पंपापर्यंत पोचली, म्हणजे फ्यूज, बॅटरी, पंपाची अर्थिंग हा अर्धा संशय एका क्षणात गळाला. आवाज नाही, तर तेलाची, बिजागरीची चौकशी तूर्त बाजूला. एका प्रश्नाने निम्मं रान साफ होतं.

विजेचा शोध घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मल्टिमीटर लावला आणि १२ व्होल्ट दिसले, म्हणून वायर चांगली असं म्हणू नका. मीटर नावापुरताच प्रवाह ओढतो. आतून सडून एका तारेवर आलेली वायरही त्याला १२ दाखवते, आणि मोटारीने प्रवाह मागितला की तोच आकडा कोसळतो. म्हणून मोजायचं ते बटण दाबून, भार असताना. किंवा साधा टेस्ट लॅम्प लावा. बल्ब प्रवाह मागतो, म्हणून तो मिणमिणला की वायरचं बिंग फुटतं.

हाच न्याय तेलाच्या बाजूलाही लागतो, आणि इथे वडप्याच्या मंडळींना आमच्यापेक्षा जास्त कळेल. गोदामातला हायड्रॉलिक पॅलेट ट्रक रिकामा असताना व्यवस्थित उभा राहतो, आणि माल ठेवला की हळूहळू बसतो. का? आतली झडप पूर्ण मिटत नाही. ट्रिम टॅबचं तेच. आवारात पट्टी खाली केली की ती तशीच राहते, पाहणारा ‘ठीक आहे’ म्हणून सही करतो. समुद्रात पाण्याचा दाब आला की ती मागे सरकते आणि बोट पुन्हा कलते. तेव्हा पट्टी खाली करून, वीज बंद करून, तिला हाताने वर रेटून पाहायचं. वीज बंद करायचीच. पट्टी आणि बोटीच्या मध्ये बोट सापडलं तर ते वाचत नाही.

आता हे उदाहरण का निवडलं ते. निसर्गाने क्वचित दिलेली सोय इथे आहे: एकाच जातीच्या दोन गोष्टी, एकाच बोटीवर, एक चालते आणि एक चालत नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३च्या ग्रंथात व्यतिरेकाची पद्धत मांडली. बाकी सगळं सारखं ठेवा, एकच गोष्ट बदला, परिणाम बदलतो का पाहा. समजा डावी पट्टी मेली आहे. दोन्हींची विजेची जोडणी अदलाबदल करा. आता डावी चालू झाली आणि उजवी मेली, तर दोष वायरमध्ये किंवा बटणात, जोडणीच्या अलीकडे. डावी तरीही मेलेलीच, तर दोष पलीकडे, झडपेत किंवा यंत्रात. पाच मिनिटांचं काम, एक रुपया खर्च नाही. मात्र अदलाबदल करताना दुसरंही काही ‘हात लागलाच आहे तर’ म्हणून बदलू नका. तेल भरलं, फ्यूज बदलला आणि वायरी फिरवल्या, पट्टी चालू झाली, कशामुळे? सांगता येत नाही, आणि सप्टेंबरात तोच बिघाड परत येतो.

एक गंमत सांगायलाच हवी. पुष्कळ बोटींवर डावं बटण दाबलं की उजवी पट्टी हलते. नवा माणूस म्हणतो, वायरी उलट जोडल्यात, आणि चांगली जोडणी उचकटून टाकतो. पण बटणावर पट्टीचं नाव नसतं, नाळेचं असतं. ‘डावी नाळ खाली’ हवी असेल तर उजवी पिछाडी उचलावी लागते, म्हणजे उजवी पट्टी खाली. बटण अवयवाचं नव्हे, फळाचं नाव सांगतं. तेव्हा आधी वर काय लिहिलंय ते वाचावं.

पट्टीवरचा जस्ताचा ठोकळा हा वेगळा विषय आहे, पण तो टाळता येत नाही. खाऱ्या पाण्यात जस्त आधी झिजतं आणि मुख्य धातू वाचतो. १८२४ साली हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश नौदलाच्या तांब्याच्या पत्र्यांवर हीच युक्ती केली. तांबं वाचलं खरं, पण ते विरघळणं थांबलं म्हणून त्यावर समुद्री जीव जोमाने चिकटू लागले! आपल्याकडे प्रकार साधा असतो: बोट रंगवणारा उत्साहात जस्तालाही रंग फासतो. रंगवलेलं जस्त काही करत नाही. अर्ध्याहून अधिक झिजलं असेल तर बदला, आणि यंत्राचा चकचकीत दांडाही रंगापासून वाचवा.

आणि सगळं चालतं आहे, तरी बोट कलते? मग पट्ट्यांना सोडा. तळाशी पाणी साठलंय का, इंधनाची टाकी एका बाजूला भरली आहे का, माणसं कुठे बसली आहेत, ते पाहा. पंख्याच्या फिरण्यानेही थोडा कल येतो.

शेवटी समुद्रावरची चाचणी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची वेगवान बोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि दहाहून अधिक माणसं गेली. त्याचा ट्रिम टॅबशी संबंध आम्ही जोडत नाही, पण चाचणी प्रवासी मार्गावर करायची नसते एवढं त्यातून घ्यायलाच हवं. मोकळ्या पाण्यात जा, पट्ट्या पूर्ण वर ठेवून सुरुवात करा, वेग वाढला की एकेक बाजू थोडी थोडी खाली करून पाहा. मागून लाटा येत असतील तर पट्ट्या वरच ठेवा, कारण नाळ पाण्यात रुतली की बोट आडवी फिरते. मागे घेतानाही वर. आणि परत आल्यावर किती सेकंदांत कोणती पट्टी खाली गेली ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या जूनमध्ये तुलना करायला तोच आकडा लागेल.