एकाच आईची दोन मुलं

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात गिला नदीच्या काठी पिमा आदिवासींची वस्ती आहे. तिथे मधुमेहाचं प्रमाण इतकं जास्त, की १९६५ पासून अनेक दशकं संशोधक त्यांच्या नियमित तपासण्या करत राहिले. या नोंदी हाताशी धरून २००० साली एक फार नेमका प्रश्न विचारला गेला. आई-वडील तेच, पण एक भावंड आईला मधुमेह जडण्याआधीचं आणि दुसरं त्यानंतरचं. दोघांच्या तब्येतीत काही फरक? निघाला, आणि मोठा निघाला. नंतरच्या भावंडांना मधुमेहाचा धोका साडेतीन पटींहून अधिक होता, शिवाय ती जास्त लठ्ठ होती. वडिलांच्या मधुमेहाबाबत हीच तुलना केली, तेव्हा मात्र असा फरक दिसला नाही. ‘शुगर आमच्या घराण्यातच आहे’ असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं. पोटातले नऊ महिनेही वारसा देतात.

तो कसा, हे डेन्मार्कच्या यॉर्गन पेडरसन यांनी गेल्या शतकाच्या मध्यालाच मांडलं होतं. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे सहज जाते, इन्शुलिन जात नाही. मग जादा साखर जिरवायला बाळाचं इवलंसं स्वादुपिंडच जादा इन्शुलिन बनवू लागतं. इन्शुलिनमुळे वाढ होते, चरबी साठते. बाळ खांद्यांत आणि पोटाशी भरतं. प्रसूतीत डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकतो. नाळ कापली की साखरेचा पुरवठा एकदम थांबतो, पण बाळाच्या रक्तात इन्शुलिन उरलेलंच असतं. म्हणून चांगलं चार किलोंचं, ‘गुटगुटीत’ बाळ पहिल्या काही तासांत साखर उतरून मलूल पडू शकतं. त्याला श्वासाचा त्रास किंवा कावीळही होऊ शकते. इकडे आईचा रक्तदाब वाढण्याची आणि सिझेरियन करावं लागण्याची शक्यता वाढते.

यात आईचा दोष काहीच नाही. वारेतून स्रवणारी संप्रेरकं प्रत्येकच गरोदर बाईच्या शरीरात इन्शुलिनचा जोर कमी करतात, बाळाला साखर मिळावी म्हणून. बहुतेकींचं स्वादुपिंड इन्शुलिन वाढवून ही तूट भरून काढतं. काहींचं कमी पडतं, आणि गरोदरपणातच साखर वाढते. त्रास बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान तपासणी करायची.

तपासणी कशी करावी, यावर तज्ज्ञांत वाद आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी रुजवलेली पद्धत आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत चालते: उपाशी न राहता ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर १४० किंवा जास्त आली, तर गरोदरपणातला मधुमेह. यात काहीजणी निसटतात, हा आक्षेप खोटा नाही. पण मजुरी बुडवून, एसटीने येणाऱ्या बाईला उपाशीपोटी पुन्हा बोलावलं तर ती येईलच असं नाही. जी तपासणी खरोखर होते, ती मला जास्त मोलाची वाटते.

‘मी कुठे जाड आहे, मला कशाला तपासणी?’ हा युक्तिवादही आपल्याकडे टिकत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी जवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सुमारे ८०० ग्रॅमनी हलकी, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला बारीक, आतून चरबीदार. अशीच बारीक मुलगी पुढे आई होते.

उपचारांचा उपयोग होतो, हे ऑस्ट्रेलियातल्या २००५ च्या चाचणीने दाखवलं: आहार, साखरेवर लक्ष आणि गरजेनुसार इन्शुलिन यांमुळे बाळांवरचे गंभीर दुष्परिणाम चार टक्क्यांवरून एक टक्क्यावर आले. अनेकींना नुसता आहार आणि चालणं पुरतं. ‘दोन जिवांची आहेस, खा’ म्हणत भाताचा दुसरा वाढा आणि पेढा पुढे करणाऱ्या सासूबाईंनाही डॉक्टरांसमोर बसवावं.

बाळंतपणानंतर साखर बहुधा उतरते आणि विषय तिथेच मिटतो. खरं तर या आईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या किमान सातपट असतो. तेव्हा दीड महिन्यांनी बाळाला लस टोचायला न्याल, त्याच सुमारास आईचीही साखर तपासून घ्या. पुढेही दरवर्षी तपासा, आणि दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी तर नक्कीच.