चित्रे कमी, गती अधिक : जपानी ॲनिमेशनमधील वेळेचे गणित

चित्रपटाच्या पडद्यावर एका सेकंदात २४ फ्रेम सरकतात. मात्र हाताने रेखाटलेल्या जपानी ॲनिमेशनमध्ये प्रत्येक फ्रेमसाठी स्वतंत्र चित्र क्वचितच काढले जाते. एकच चित्र दोन फ्रेम टिकवल्यास सेकंदाला १२ चित्रे लागतात, तर तीन फ्रेम टिकवल्यास आठ चित्रे पुरतात. दूरचित्रवाणी मालिकांमध्ये यातील दुसरी पद्धत विशेष रूढ आहे.

या पद्धतीचे मूळ काटकसरीत आहे. ओसामू तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली. दर आठवड्याला नवा भाग देण्यासाठी स्थिर चित्रे, केवळ ओठांची हालचाल आणि जुन्या चित्रांचा पुनर्वापर असे मार्ग अवलंबले गेले. तेझुका यांच्या निधनानंतर १९८९ मध्ये हायाओ मियाझाकी यांनी अल्प खर्चाच्या या पायंड्यावर जाहीर टीका केली.

मात्र चित्रे कमी असली म्हणजे हालचाल निर्जीव होतेच, असे नाही. चित्रे किती आहेत यापेक्षा ती कोठे आणि किती वेळ टिकवली जातात, हे महत्त्वाचे ठरते. तलवार उगारलेला योद्धा अर्धा सेकंद निश्चल ठेवून प्रत्यक्ष वार दोनच चित्रांत दाखवला, तर मधली गती प्रेक्षकाची नजर स्वतः भरून काढते आणि वार अधिक जोरकस भासतो. हीच चित्रे समान अंतराने मांडल्यास तो वार मिळमिळीत वाटतो.

जपानमध्ये दृश्यातील मुख्य चित्रे काढणारा कलाकारच सहसा प्रत्येक चित्राचा अवधी ‘टाइमशीट’वर नोंदवतो. दिग्दर्शक त्यात फेरबदल करू शकतो. तरीही कलाकाराची लकब गतीत उमटते. योशिनोरी कानादा यांनी मधली चित्रे गाळून एका टोकाच्या आविर्भावातून थेट दुसऱ्यात झेप घेणारी शैली रूढ केली. १९७९ च्या ‘गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९’ या चित्रपटातील त्यांची दृश्ये त्यासाठी ओळखली जातात. याउलट, १९८८ च्या ‘अकिरा’मध्ये विपुल चित्रे वापरून ओघवती हालचाल साधली गेली, त्यात संवाद आधी ध्वनिमुद्रित करून ओठांच्या हालचाली त्यांच्याशी जुळवल्या होत्या.

वेळेची ही जाण पुस्तकातून सहजासहजी येत नाही. मुख्य चित्रांच्या मधली चित्रे काढताना नवोदितांचा हात आणि नजर तयार होते. परंतु या कामाचा मोबदला प्रामुख्याने प्रतिचित्र आणि तुटपुंजा असतो. शिवाय त्यातील मोठा वाटा अनेक वर्षांपासून दक्षिण कोरिया, चीन, फिलिपिन्स आदी देशांतील स्टुडिओंकडे जातो. परिणामी, ज्या पायरीवर कलाकार घडतात तीच जपानमध्ये कमकुवत होत आहे. काटकसरीने या कलेला तिची शैली दिली. आता तीच काटकसर पुढची पिढी घडण्याच्या आड येत आहे.