ओवीतील ख्रिस्तकथा : फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण'

नाताळच्या दिवसांत येशू ख्रिस्ताच्या जन्माची कथा सर्वत्र सांगितली जाते. हीच कथा सुमारे चारशे वर्षांपूर्वी मराठी ओवीत रचिली गेली व तिचा कर्ता एक इंग्रज धर्मगुरू होता, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स व ग्रंथाचे नाव 'क्रिस्तपुराण'. ज्या घरांत 'ज्ञानेश्वरी'चे व 'एकनाथी भागवता'चे पारायण चालते, त्या घरांनी ह्या ग्रंथाची ओळख करून घेणे उचित होय. कारण ओवी आणि पुराण ही दोन्ही आपल्याच घरची ठेव आहे.

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास झाला. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक पंथीयांचा छळ होत असे. स्टीफन्स स्वदेश सोडून रोमला गेले आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास उतरले. पैठणच्या नाथमहाराजांचे 'भागवत' पूर्ण होऊन तेव्हा अवघी सहा वर्षे झाली होती. पुढील चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टी प्रांतात घालविली. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांचा देह पडला.

तो काळ गोमंतकाच्या दृष्टीने मोठा दारुण होता. पोर्तुगीज सत्तेने देवालये पाडली. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास व श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली, ती ह्याच शतकात. १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी पाच जेझुइटांचा वध केला, त्याच्या मुळाशीही देवालयांच्या विध्वंसाचा संताप होता. ज्या सत्तेच्या छायेत हे घडले तिच्याच छायेत स्टीफन्स धर्मप्रसार करीत होते, हे विसरून त्यांचे मूल्यमापन करता येणार नाही.

परंतु त्यांच्या ग्रंथाच्या आरंभीच एक मार्मिक प्रसंग येतो. धर्मांतरित झालेला एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे तरी काय? मराठीत तुमच्या धर्माचे एखादे पुराण का नाही? वाचकहो, ह्या प्रश्नातील वेदना ध्यानी घ्यावी. दैवत बदलले, नाव बदलले, तरी सायंकाळी पुराण ऐकण्याची कानांची तहान बदलली नव्हती. स्टीफन्स यांनी ती तहान ओळखली. हुकूमनाम्याने मस्तक नमविता येते, अंतःकरण मात्र मातृभाषेनेच जिंकावे लागते, ह्या जाणिवेचा प्रत्यय त्यांच्या साऱ्या रचनेत येतो.

त्यांनी 'पुराण' हे नाव निवडले त्यातही औचित्य आहे. सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर व वंशानुचरित ही आपल्या शास्त्रकारांनी सांगितलेली पुराणाची पाच लक्षणे. बायबलाचा आरंभही सृष्टीच्या उत्पत्तीने होतो आणि पुढे वंशावळी व राजांची चरित्रे येतात. जुन्या कराराचे 'पैलें पुराण' आणि ख्रिस्तचरित्राचे 'दुसरें पुराण' असे दोन भाग करून त्यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या. सूत व शौनक यांच्या संवादाप्रमाणे येथेही श्रोते शंका विचारतात आणि पाद्री गुरू समाधान करतात.

शब्दयोजनेत त्यांची तत्त्वदृष्टी दिसते. स्वर्गास ते 'वैकुंठ' म्हणतात; पाप, पुण्य, मुक्ती हे शब्द निःसंकोच स्वीकारतात. जेथे अर्थाचा घोटाळा होण्याचे भय, तेथे मात्र पोर्तुगीज वा लॅटिन संज्ञाच ठेवतात. ईश्वराने मनुष्यदेह एकदाच धारण केला, हा ख्रिस्ती सिद्धान्त आपल्या अवतारकल्पनेहून वेगळा आहे आणि तो भेद त्यांनी लपविला नाही. मूर्तिपूजेवर त्यांनी केलेली टीका आपल्यास मान्य होणे शक्य नाही. तरीही रत्न, पुष्प, सुगंध यांच्या उपमा देऊन त्यांनी मराठीचा जो गौरव केला, तो वाचताना हा कवी परदेशी होता हे खरे वाटत नाही.

हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा निघाला. छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. हस्तलिखितांनी तो राखिला. दैवगती अशी की, १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडण्याचा हुकूम काढला. ज्या भाषेचा स्टीफन्स यांनी गौरव केला तिच्यावरच त्यांच्या स्वधर्मीयांनी शस्त्र उगारले! तरी भाषा टिकली, पुराणही टिकले. १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी ते पुन्हा छापले, १९५६ मध्ये बंडेलू यांनी ते देवनागरीत आणिले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या माहेरवाशीण लक्ष्मीबाई टिळक यांनी पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पूर्ण केले, तेही ह्याच वाटेवरचे पाऊल.

पाडलेल्या देवालयांचे दुःख विसरू नये. त्या दुःखापायी ह्या कवीचे ऋणही नाकारू नये. परधर्मीयाने आपल्या ओवीत आपला देव गायिला, ह्यात ओवीचा पराभव नाही. ज्ञानोबा आणि नाथांनी सिद्ध केलेले हे पात्र किती विशाल आहे, ह्याचीच ती साक्ष होय.