‘याला रीसेल नाही’ म्हणे!

‘हे नको घेऊस, याला रीसेल नाही.’ नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कुठल्याही मोठ्या घड्याळ-शोरूममध्ये जरा वेळ रेंगाळा, हे वाक्य कानावर पडतंच. बोलणारा असतो सोबत आलेला मित्र. पैसे त्याचे जाणार नसतात, त्यामुळे सल्ल्याला धार असते. घेणारा सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यातला तिशीतला इंजिनिअर, बोनस हातात पडलेला. त्याची नजर गेलेली असते साईच्या रंगाच्या डायलवर, बारीक काट्यांवर, खाली वेगळ्या फिरणाऱ्या चिमुकल्या सेकंदकाट्यावर. पाच मिनिटांत मित्र त्याला तिथून उठवतो आणि काळ्या डायलच्या, फिरत्या कड्याच्या, समुद्रात बुडी मारण्यासाठी बनवलेल्या घड्याळापाशी नेऊन उभा करतो. का? तर ‘सगळे हेच घेतात’. गोदावरीकाठच्या माणसाला बुडी मारायला काही रामकुंडाची वाण नाही, पण त्याला 200 मीटर खोलीचं घड्याळ लागत नाही, हे कुणी बोलत नाही.

ज्याला मागणी तेच घड्याळ चांगलं आणि चांगलं घड्याळ म्हणजे गुंतवणूक, ही जोडगोळी गेल्या काही वर्षांत इतकी बोकाळली आहे, की घड्याळ आवडलं म्हणून घेतलं असं सांगायची लोकांना लाज वाटू लागली आहे.

आधी साधा हिशेब करू. नव्या घड्याळाच्या किमतीत 18 टक्के जीएसटी असतो. तुम्ही ते विकायला काढाल तेव्हा घेणारा हा कर भरून देत नाही. दुकानदाराचा नफा नव्या किमतीत असतो, तोही परत येत नाही. जुनं घड्याळ विकत घेणारा व्यापारी स्वतःचा नफा ठेवूनच भाव सांगतो. म्हणजे बिल फाडल्याबरोबर घड्याळाची किंमत उतरते, आणि हे बाजारातल्या बहुतेक सगळ्या घड्याळांना लागू आहे. त्यात नामवंत स्विस कंपन्याही आल्या. अपवाद आहेत ते रोलेक्स, पाटेक फिलिप, ऑडेमार पिगे अशा मोजक्या कंपन्यांच्या मोजक्याच मॉडेलांचे. ती मॉडेलं काउंटरवर जाऊन पैसे मोजले म्हणून मिळत नाहीत, त्यांना प्रतीक्षायादी असते. म्हणजे ज्यांना खरोखर ‘रीसेल’ आहे ती आपल्या हाती लागत नाहीत, आणि जी लागतात त्यांना बहुधा तो नसतो. मित्र हे सांगायचं विसरतो.

शिवाय अपवादांचाही भरवसा नाही. 2022 च्या सुरुवातीला याच मॉडेलांचे जुन्या बाजारातले भाव गगनाला भिडले होते आणि त्यानंतर ते दोनेक वर्षं घसरत राहिले. शिखरावर असताना ‘आता घ्या, नाहीतर कधीच मिळणार नाही’ असं सांगणारे नंतर गप्प झाले. 26 मार्च 2022 ला स्वॉच आणि ओमेगा यांनी मिळून ‘मूनस्वॉच’ काढलं. किंमत सुमारे 250 स्विस फ्रँक. लंडनपासून सिंगापूरपर्यंत दुकानांबाहेर रांगा लागल्या आणि त्याच दिवशी ऑनलाइन बाजारात ते कितीतरी पट किमतीला विकायला आलं. हे मर्यादित संख्येत काढलेलं नाही, असं कंपनी स्वतः सांगत होती. लोक ऐकायला तयार नव्हते. पुढे माल येत राहिला आणि जादा भाव हवेत विरला. भारतीय ग्राहकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्वित्झर्लंडचा समावेश असलेल्या ‘एफ्टा’ गटाशी झालेला भारताचा व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला आहे आणि त्यानुसार स्विस घड्याळांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने कमी व्हायचं आहे. नवा माल स्वस्त झाला तर कपाटातल्या जुन्या ‘गुंतवणुकी’चं काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

एवढं सांगूनही समोरचा एक नाव पुढे करतोच: पॉल न्यूमन. या हॉलिवूड नटाचं रोलेक्स डेटोना ऑक्टोबर 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरवर गेलं. बातमी खरी आहे, पण तिचा पुढचा भाग कुणी वाचत नाही. न्यूमनच्या घड्याळासारख्या रंगीबेरंगी डायलची डेटोना नवीन होती तेव्हा गिऱ्हाइकांना ती आवडत नसे. दुकानांत पडून राहायची. न्यूमनला ते घड्याळ बायकोने दिलं होतं. तो मोटारी पळवायचा म्हणून मागच्या झाकणावर ‘जपून चालव’ अशा अर्थाचे शब्द तिने कोरून घेतले होते. पुढे न्यूमनने ते मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकलं. रीसेलचा विचार त्या सगळ्या प्रवासात कुणाच्याच मनात नव्हता. तेव्हाच्या गर्दीचं ऐकून घड्याळ घेणाऱ्याने हे मॉडेल नाकारलंच असतं. 1972 च्या ऑडेमार पिगे ‘रॉयल ओक’चीही तीच कथा. स्टीलच्या घड्याळाला 3,300 फ्रँक म्हटल्यावर लोकांनी नाकं मुरडली आणि सुरुवातीला विक्री रडतखडत झाली. आज त्याला रांगा आहेत. आजची पसंती उद्याची किंमत सांगत नाही, एवढं यातून कळलं तरी पुष्कळ झालं. आणि जी हजारो मॉडेलं त्या काळी लोकप्रिय होती आणि ज्यांना आज कुणी विचारत नाही, त्यांची बातमी कधीच छापून येत नाही.

आता घरचं उदाहरण घेऊ. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या तंत्रसाहाय्याने 1961 मध्ये बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. नोकरी लागली की, मॅट्रिक झाला की, निवृत्तीच्या समारंभाला, एचएमटी. माणूस जिथून निवृत्त झाला त्या कंपनीचं बोधचिन्ह डायलवर छापलेली निवृत्तीची घड्याळं आजही जुन्या घरांत सापडतात. लग्नात जावयाला एचएमटीचं ‘कांचन’ हवं असायचं आणि त्यासाठी ओळखी लावाव्या लागत. मग टायटनची सेलवरची घड्याळं आली. ज्या घरात कांचनसाठी रुसवेफुगवे झाले, त्याच घरात ते ड्रॉवरमध्ये रबरबँडच्या गुंत्यात जाऊन पडलं. जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, आणि ज्यांनी पंचवीस वर्षं एचएमटीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं त्यांना अचानक ‘जनता’ आणि ‘पायलट’ हवंसं झालं.

इथे माझी खरी तक्रार सुरू होते. सगळ्यांना एकच वस्तू हवी झाली की तिची नक्कल करणारे जागे होतात. ऑनलाइन विकली जाणारी पोपटी, नारिंगी, जांभळ्या डायलची कित्येक ‘जुनी’ घड्याळं म्हणजे पुसून पुन्हा छापलेल्या डायली, तीन-चार घड्याळांतून जमवलेलं मशीन आणि चकाकेपर्यंत घासलेली केस. जगभरच्या संग्राहकांत या मालाला नावच पडलं आहे, ‘मुंबई स्पेशल’. आपल्या राजधानीची अशी कीर्ती!

ही भानगड ओळखणं फार अवघड नाही. मेन रोडवरच्या किंवा तुमच्या गल्लीतल्या एखाद्या जुन्या घड्याळजीकडे जा आणि त्याचं भिंग मागून घ्या. मूळ ‘जनता’च्या डायलवरची अक्षरं बारीक आणि कडांना स्वच्छ असतात, मिनिटाची रेघ तासाच्या खुणेसमोर नेमकी येते. पुन्हा छापलेल्या डायलवर शाई किंचित पसरलेली दिसते, बोधचिन्ह फुगलेलं असतं, 17 ज्युवेल्सची ओळ एका बाजूला कलते आणि सहाच्या आकड्याजवळ रेघा एकमेकींना चुकवून जातात. काटे पाहा, बरेचदा ते दुसऱ्याच मॉडेलचे असतात. मागचं झाकण उघडायला सांगा: स्क्रूच्या खाचा पिचलेल्या दिसल्या तर मशीन अनाडी हातांतून गेलं आहे. हे सगळं पाहायला दहा मिनिटं लागतात. पण ‘ट्रेंडिंग’ म्हणून घेणारा डायलकडे पाहतच नाही, तो भाव पाहतो. ज्याला त्या डायलचं वेड असतं, त्याला खोटी छपाई लांबून खुपते. आवडीने घेणारा फसत नाही असं नाही, कमी फसतो.

संग्रह कसा करावा हे शिकायला स्वित्झर्लंडला जायची गरज नाही. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दरवाजे, दौती, स्वयंपाकघरातली भांडी जमवली. ज्या वस्तू लोक मोडीत काढत होते, त्याच ते घरी आणत होते. बाजारात कशाला भाव आहे हे पाहून त्यांनी संग्रह केला असता तर राजा केळकर संग्रहालय उभं राहिलं नसतं. 1975 मध्ये त्यांनी हा सगळा ठेवा राज्य सरकारला देऊन टाकला.

‘दुर्मिळ तेच मोलाचं’ हाही याच गैरसमजाचा भाऊ. त्याला उत्तर नाशिक जिल्ह्यातच आहे. 1906 मध्ये जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. क्षत्रप नहपानाची 13 हजारांहून अधिक नाणी, त्यांतल्या 9 हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला. एकाच प्रकारची हजारो नाणी, म्हणजे दुर्मिळ नव्हेतच! तरी या साठ्याशिवाय सातवाहनांचा इतिहास लिहिता येत नाही, कारण एका राजाने दुसऱ्याला हरवल्याचा पुरावा छाप मारलेल्या प्रत्येक नाण्यावर उमटलेला आहे. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधनसंस्था आणि संग्रहालय आहे; संग्राहक होऊ पाहणाऱ्याने तिथे एक सकाळ जरूर घालवावी.

आता दुसऱ्या टोकाचा आगाऊपणा. काही जण एवढं वाचून म्हणतील, लोकप्रिय घड्याळ घेणं म्हणजे अभिरुची नसणं. हेही चूकच. ‘जनता’ घराघरांत होतं आणि ते देखणंच आहे. तुम्हाला मनापासून काळ्या डायलचं पाणबुड्यांचं घड्याळ आवडत असेल तर खुशाल घ्या. चारचौघांत उठून दिसायचं म्हणून मुद्दाम विचित्र घड्याळ घेणाराही शेवटी चारचौघांकडे पाहूनच घेत असतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात उरकतो. जास्त ‘ज्युवेल’ म्हणजे भारी घड्याळ? चावीच्या साध्या घड्याळाला 17 पुरतात. ते कृत्रिम माणिक असतात, घर्षण कमी करायला बसवलेले; निव्वळ आकडा फुगवण्यासाठी खडे भरण्याला 1974 च्या आयएसओ 1112 या मानकाने चाप लावला. ऑटोमॅटिक घड्याळ सेलच्या घड्याळापेक्षा अचूक? उलट आहे. स्विस ‘सीओएससी’चं प्रमाणपत्र मिळालेलं यांत्रिक घड्याळही दिवसाला 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे जाऊ शकतं, साधं सेलचं घड्याळ महिन्याला साधारण 15 सेकंदांत राहतं. ‘30 मीटर’ लिहिलंय म्हणून पोहायला चालतं? नाही, हात धुण्यापुरतं. पाणबुड्यांच्या घड्याळाला आयएसओ 6425 प्रमाणे किमान 100 मीटर लागतात. ‘स्विस मेड’ म्हणजे सगळं तिथेच बनलेलं? 2017 पासूनचा तिथला नियम उत्पादनखर्चाच्या किमान 60 टक्क्यांचा आहे. सफायर काच फुटत नाही? ओरखडे पडत नाहीत, पण फरशीवर आपटली तर तुकडे होतात. मोठी डायल मर्दानी? 1960 च्या दशकात पुरुषांची घड्याळं 33 ते 36 मिलिमीटरची असत आणि त्या पिढीला कुणी नाजूक म्हटल्याचं ऐकिवात नाही. ऑटोमॅटिक घड्याळ बंद पडू दिलं तर बिघडतं? अजिबात नाही. आणि यांत्रिक घड्याळाची तारीख रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान हाताने बदलू नका. हा मात्र गैरसमज नाही, दाते खरोखर तुटतात.

मग घ्यायचं कसं? डायलवरचं नाव अंगठ्याने झाका आणि तरी ते घ्यावंसं वाटतं का पाहा. मनगटावर बांधून हात टेबलावर ठेवा. पट्ट्याच्या वरच्या जोडापासून खालच्या जोडापर्यंतची लांबी मनगटाबाहेर जात असेल तर ते कितीही गाजलेलं असो, तुमचं नाही. सर्व्हिसिंग नाशिकमध्ये होतं की दर वेळी मुंबईला पाठवावं लागेल, हे बिल करण्यापूर्वी विचारा. मशीनचे सुटे भाग मिळतात का, तेही विचारा. आणि ‘रीसेल किती?’ असं विचारणाऱ्या मित्राला उलट विचारा, की तू आजवर किती घड्याळं विकलीस?

नवं घेण्याआधी घरातला तो जुना ड्रॉवर एकदा उपसा. आजोबांचं एचएमटी किंवा फेवर-ल्युबा निघालं, तर घड्याळजीकडे जरूर न्या, साफसफाई आणि ऑइलिंग करून घ्या, काच बदला, पट्टा नवा लावा. फक्त देतानाच स्पष्ट सांगा: डायलला हात लावायचा नाही, पिवळी पडली असली तरी राहू द्या.